आडतीवरचा जुना पीसी विकायचाय, डेटा कसा पुसावा?

रावेरला केळीच्या आडतीवरचा पीसी विकायचाय. विंडोज 10, 500 जीबी हार्ड डिस्क. टॅलीचे हिशेब, शेतकऱ्यांची आधार-पासबुकं स्कॅन केलेली. फॉरमॅट मारलं की पुरे ना?

↳ नाही भाऊ. क्विक फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका जाते, पानं तशीच राहतात. रिकुव्हासारख्या फुकट सॉफ्टवेअरने परत निघतात. आधी बॅकअप घ्या, टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, म्हणजे या पीसीवरून सोडवून घ्या (हे हमखास राहतं). मग सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी, रिसेट धिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग. तिथे चेंज सेटिंग्जमध्ये ‘क्लीन डेटा’ (जुन्या डेटावर नवं लिहून पुसणं) ऑन करा, नाहीतर सगळं फुकट. डी ड्राइव्ह असेल तर सगळ्या ड्राइव्हवरचं पुसायचा पर्यायही ऑन. दोन तास तरी धरा, जुनी डिस्क जास्तही घेईल. यूपीएस हवाच, मध्येच लाइट गेली तर विंडोज उघडेनासं होऊ शकतं, मग 8 जीबी पेनड्राइव्हवरून नव्याने टाकत बसा.

↳ वरचं हार्ड डिस्कसाठी. एसएसडी (चिपवाली, न फिरणारी डिस्क) असेल तर तिच्यातला कंट्रोलर, म्हणजे कुठे काय लिहायचं ठरवणारी चिप, नवं लिखाण दुसऱ्याच ब्लॉकवर टाकतो, जुनं मागे उरतं. बायोसमधलं (पीसी चालू होताना उघडणारी सेटिंग) किंवा डिस्कच्या कंपनीच्या टूलमधलं सिक्युअर इरेझ वापरा, ते अख्खी एसएसडी पुसतं.

↳ क्रिस्टलडिस्कइन्फोत (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) ‘रीअलोकेटेड सेक्टर’, म्हणजे खराब झाल्याने डिस्कने बाजूला टाकलेले भाग, वाढलेले दिसले तर पुसत बसू नका, त्या सेक्टरपर्यंत पुसणं पोचतच नाही. डिस्क काढा, प्लॅटरला (आतल्या डेटाच्या चकत्यांना) आरपार तीन-चार भोकं पाडा, पीसी बिनडिस्कचा विका. लोकांच्या आधारपुढे डिस्कचे पैसे ते किती!