नेट मध्येच अडकतं तेव्हा: सोलापूरकरांचे अनुभव

नेट साफ बंद पडलं तर तक्रार तरी नोंदवता येते. चाललंय, चाललंय आणि मध्येच वीस-तीस सेकंद गप्प, हा प्रकार मात्र जीव खातो. नेटवाल्याचा माणूस तपासायला येतो तेव्हा सगळं उत्तम चालू असतं. तो जिना उतरला की पुन्हा सुरू.

म्हणून हा धागा. ज्यांना आपल्या घरातलं खरं कारण सापडलं त्यांनी लिहा, आणि ते कसं सापडलं हे जास्त लिहा. 'मोठा प्लॅन घ्या' एवढंच सांगू नका. मी ५० चा १०० केला होता, काडीचा फरक पडला नाही.

आधी माझंच सांगतो. राहायला जुळे सोलापूर, पुण्याच्या ऑफिसचं हिशेबाचं काम घरून. मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायचा. शेवटी एक वही केली आणि अडकलं की वेळ लिहायला लागलो. तिसऱ्या दिवशी वहीत दिसलं की हे साधारण दर तासाला होतंय, दोन-चार मिनिटं. मग कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडक्या दोन उघडल्या. एकीत घरच्या राउटरला सतत पिंग, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजायचं, माझ्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१. दुसरीत बाहेर, गूगलच्या ८.८.८.८ ला. पिंगच्या पुढे पत्ता आणि शेवटी डॅश टी (-t) लिहिलं की ते थांबवेपर्यंत चालू राहतं. एरवी राउटरचं उत्तर २ मिलिसेकंदांत यायचं. अडकलं की तेच ९०० वर जायचं, मध्ये एखाददुसरं उत्तर यायचंच नाही. म्हणजे दोष रस्त्यावरच्या खांबावर नव्हताच, माझ्या खोलीत होता.

दर तासाला काय होत होतं? विंडोज माझ्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकत होतं, ते काम त्यात मुळात तासाला एकदा ठरवलेलं असतं. ती डिस्क यूएसबी ३ ची, आणि तिला खेटूनच यूएसबीत लावलेला, वायफाय पकडणारा छोटा डोंगल. यूएसबी ३ चालू असताना जो गोंगाट हवेत सुटतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो, आणि माझा डोंगल नेमका त्याच पट्ट्यावरचा. एक मीटरची यूएसबी वायर आणून डोंगल टेबलावर घेतला. त्या दिवसापासून वही बंद आहे.

पूर्व भाग

आमच्याकडे खाली माग, वर घर. टॉवेलाचे चार माग. मुलीचा ऑनलाइन क्लास दुपारी अडकायचा, सरांचं तोंड हलायचं आणि आवाज मागून यायचा. दोनदा राउटर बदलला. दादा, तुम्ही म्हणता तसं पिंग मीही लावलं होतं, ते सरळ २-३ वर, बाहेरचं २० च्या आत. तरी व्हिडिओ अडकलेलाच. महिनाभर मला याचा अर्थच लागला नाही.

माझ्या मेव्हण्यानं टास्क मॅनेजर उघडून दाखवलं. प्रोसेसरचा वेग ०.८ गिगाहर्ट्झवर येऊन बसलेला, कॉम्प्युटर तापून स्वतःच मंद झालेला. मे महिना, बाहेर ४३. डबा उघडला तर पंख्याच्या मागे सुताच्या तुसाची गादी जमलेली, बोटानं उचलली तर अख्खी निघून आली. मागाच्या घरात तूस जिन्यानं वर येतंच, भांड्यांवर दिसतं म्हणून आपण ते पुसतो. कॉम्प्युटरच्या पोटात कोण बघतंय?

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साफ करते. वायर काढून, मऊ ब्रशनं. हवा मारायची असेल तर पंखा बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका, बेअरिंग खराब होतं. आमच्या भागात नेट अडकतं म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे: पिंग चांगलं असेल तर नेटला दोष देऊ नका, आधी डबा उघडा.

विजापूर रोड

मुलगा म्हणायचा, बाबा घरी आले की गेम अडकतो. मला फार राग यायचा. अभ्यास नको म्हणून कारणं सांगतोय असं वाटायचं, एकदा बोललोही त्याला. त्यानं वाद घातला नाही, गुपचूप आठवडाभर आकडे लिहिले आणि कागद माझ्यापुढे ठेवला. सव्वाआठपर्यंत पिंग १५. सव्वाआठ ते नऊ, ७००.

सव्वाआठला मी दुकान बंद करून घरात पाय ठेवतो. माझं साड्यांचं दुकान आहे. नवीन माल आला की दिवसभर गिऱ्हाइकांना पाठवायला फोटो आणि व्हिडिओ काढतो. घरचं वायफाय मिळालं की माझा फोन ते सगळं वर चढवायला लागायचा. आमचा वर जायचा वेग कमी. तो पूर्ण भरला की राउटरमध्ये रांग लागते, आणि मुलाच्या गेमचा इवलासा निरोप त्या दोनशे व्हिडिओंच्या मागे उभा राहतो. खाली येण्याचा वेग मोजला तर तो ठीकच दिसायचा, म्हणून कुणाला शंका आली नाही.

काही राउटरांत वर जायच्या वेगाला थोडी कमी मर्यादा घालायची सोय असते, मग रांग लागत नाही. आमच्यात नव्हती. मी आता जेवणं झाल्यावर, सगळे झोपायला गेले की फोटो चढवतो. मुलाची माफी मागितली.

होटगी रोड

थोडक्यात सांगतो. एप्रिल ते जून अडकतं, पावसाळ्यात छान. राउटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर आतल्या खोलीत, आणि उन्हाळ्यात मधल्या दारात पत्र्याचा मोठा कूलर. लोखंड वायफाय अडवतं आणि पाणी शोषून घेतं, कूलरमध्ये दोन्ही आहे. राउटर कपाटावर उंच ठेवला, काम झालं.

नवी पेठ

आमचा जुना वाडा, भिंती दीड-दीड हात दगडाच्या. वायफायचा नादच सोडला आणि वायर ओढली. पण तीही मधूनमधून तुटायची. कॉम्प्युटर जोडणीचा वेग १००० ऐवजी १०० दाखवत होता. वायरीत चार जोड्या असतात, १००० ला चारही लागतात, १०० दोनवर भागतं. एक टोक नीट दाबलं गेलं नव्हतं. नवीन प्लग लावला, खर्च किरकोळ.

रेल्वे लाईन्स

फायबर आहे म्हणजे प्रश्नच नाही असं मी समजत होते. सात महिने त्रास काढला. भिंतीवरच्या फायबरच्या डब्याचं सेटिंगचं पान उघडलं की आत येणारा प्रकाश किती जोराचा आहे त्याचा आकडा (डीबीएममध्ये) दिसतो, तो उणे २८ होता. उणे २७ च्या खाली घसरला की भरवसा राहत नाही. आलेल्या तंत्रज्ञानं कपाट सरकवलं, तर मागे फायबर काटकोनात दाबलेलं. त्या वळणातून प्रकाश बाहेर गळतो. सैल गोल वेटोळं करून टाचलं, आकडा उणे २१. बायांनो, साफसफाईत कपाट सरकवताना ती पिवळी बारीक वायर आधी बघा.

होम मैदानाजवळ

माझं सिमकार्डवरचं राउटर आहे. वर्षभर ठीक, जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरली की संध्याकाळी हलत नाही. पाळण्याखालचा प्रत्येक जण फोनवर असतो आणि टॉवर तोच. त्या दिवसांत मी कामं पहाटे उरकते.

अक्कलकोट रोड

माझं अजून सुटलेलं नाही, तरी लिहितो. रात्री ९ ते साडेदहा. राउटर २ मिलिसेकंद, कॉम्प्युटर थंड, घरात कुणी काही चढवत नाही, वायर नवीन. ट्रेसर्ट (निरोप कुठल्या टप्प्यांतून जातो आणि प्रत्येकाला किती वेळ लागतो ते दाखवणारी आज्ञा) लावलं की घराबाहेरचा पहिला टप्पा ४ आणि त्याच्या पुढचा एकदम १८०. साडेदहानंतर तोच पुढचा टप्पा १२. म्हणजे गर्दी नेटवाल्याच्या पुढच्या रस्त्यावर आहे. फोनवर ते दर वेळी राउटर बंद करून चालू करा म्हणत होते. या वेळी पंधरा रात्रींचे आकडे तारीख-वेळेसह छापून दुकानात नेऊन दिले. काउंटरवरच्या मुलानं पहिल्यांदा ते वरच्या माणसाला दाखवले. त्यानं माझ्यासमोर वाचले आणि सोमवारपर्यंत आमच्या गल्लीचा जोड दुसऱ्या लाइनवर घेतो म्हणाला.

*काका, सोमवारी रात्री साडेनऊचा आकडा इथेच टाका. आमच्या मागच्या गल्लीत दोघांना नेमक्या याच वेळेत त्रास आहे, मी त्यांनाही आजपासून लिहायला बसवलंय.*