कोलोरॅडोत एल्क (मोठं हरीण) टेहळायला स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवरची दुर्बीण): ९५ मिमी भिंगाचा की ६५?

एल्क शोधायला ९५ मिमीचाच स्कोप घ्या, असा सल्ला इथे कुणीतरी दिलाय. पाठीवर तंबू-शिधा घेऊन कोलोरॅडोचे डोंगर चढणार असाल तर मला तो पटत नाही. मोठ्या भिंगाचा खरा फायदा पहाटे आणि तिन्हीसांजेला. ६० पट मोठं करून बघताना ६५ मिमीतून डोळ्याशी प्रकाशाचा जेमतेम १.१ मिमीचा झोत पोचतो, ८५ मधून १.४; झोत बारीक तितकं चित्र अंधुक. दुपारी मात्र तापलेली हवा थरथरते, मग स्कोप कितीही भारी असो, ३०-३५ पटीवरच थांबावं लागतं. गाडीजवळूनच टेहळणी असेल तर कोवा कंपनीचा ८८ मिमी, फ्लोराइट स्फटिकाच्या भिंगाचा स्कोप बघाच, शिंगांच्या कडेला जांभळी झालर जवळजवळ नाहीच. आणि ट्रायपॉडवर कंजुषी नको हो! वाऱ्यात सगळी महागडी काच तिथेच वाया जाते.