हैतीची जिंजरब्रेड घरं आणि नाशिकचे वाडे: भूकंपात नेमकं काय टिकलं?

गोदाकाठ:
आमच्या नाशिकच्या वास्तुकला अभ्यासगटात हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स इथल्या जिंजरब्रेड घरांवर, म्हणजे नक्षीदार लाकडी झालरींच्या जुन्या घरांवर, मांडणी आहे. १२ जानेवारी २०१० च्या ७.० तीव्रतेच्या भूकंपात काँक्रीटच्या इमारती कोसळल्या, पण शंभर वर्षांची ही घरं बहुतेक उभी राहिली. कारण म्हणून सगळीकडे 'लाकूड हलकं असतं' एवढंच लिहिलेलं सापडतं. पण यातल्या कित्येक भिंतींत विटा-दगड भरलेले आहेत, मग ती हलकी कशी? शिवाय सराफ बाजार, भद्रकालीतल्या वाड्यांतही लाकडी सांगाडा आणि वीट-माती असते. ही तुलना कितपत टिकते? १:२० चं मॉडेल करायचंय, त्यात काय दाखवावं?

चुनासुरखी:
तुमची शंका रास्त आहे. या घरांत तीन बांधण्या दिसतात: फळ्या मारलेली निव्वळ लाकडी चौकट, चौकटीत वीट किंवा दगड भरलेली 'कोलोंबाज' भिंत, आणि सरळ वीट-दगडाची भार घेणारी भिंत. एकाच घरात तिन्ही सापडतात. त्यामुळे मांडणीत 'लाकडी घरं' असं सरसकट म्हणू नका.

कोलोंबाजमध्ये खांब, आडव्या पट्ट्या आणि तिरके आधार यांनी भिंतीचे लहान लहान कप्पे पडतात. भरावाला चुन्याचा मऊ माल, म्हणजे विटा जोडणारं मिश्रण. जमीन हलली की तडे आधी मालाच्या सांध्यांत जातात, विटा एकमेकींवर घासतात आणि धक्क्याची बरीच ऊर्जा त्या घर्षणात जिरते. एखाद्या कप्प्यातला भराव पडला तरी छत चौकटीवरच राहतं. भूकंपानंतरच्या पाहणीत अंशतः वा पूर्ण कोसळलेली जिंजरब्रेड घरं सुमारे ५ टक्के, तर इतर बांधकामांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के, असा अंदाज आला. नुकसान झालं ते मुख्यतः वाळवीने खांबाचे पाय पोखरलेले होते तिथे, सिमेंटच्या डागडुजीपाशी, आणि मागाहून जोडलेल्या काँक्रीटच्या खोल्यांपाशी. जड खोली आणि लवचीक चौकट वेगवेगळ्या लयीत हलतात आणि एकमेकींवर आदळतात.

कडीपाट:
वाड्याशी तुलना करा, पण जपून. आपल्याकडे खांब-तुळईचे खण पक्के असतात, तिरके आधार मात्र क्वचितच. बाहेरच्या जाड भिंती स्वतःही भार घेतात, आणि कडीपाटावरच्या (लाकडी कड्या आणि फळ्यांच्या तक्तपोशीवरच्या) मातीच्या भरावाने मजला जड होतो. हैतीत वर बहुधा पत्रा, म्हणजे डोक्यावरचं वजन कमी. आय.एस. १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक तिसऱ्या भूकंप विभागात आहे, तेव्हा हा फरक किरकोळ नाही.

साम्य आहे ते बिघडण्यात. गोदाकाठी पुराचं पाणी जोत्यात मुरतं आणि खांबाचा पाय आतून कुजतो. वर सिमेंटचा गिलावा असला तर ओल बाहेर पडायला वाटच उरत नाही. वाडा पाहायला गेलात की आधी खांबाच्या तळाशी पेचकस टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड गेलंच समजा, वरचा रंग कितीही शाबूत असो.

चुनासुरखी:
त्यात दुरुस्तीचा क्रम जोडतो, कारण घोळ तिथेच होतो. आधी ओल कुठून येते ते शोधून बंद करा: पन्हळ, गटार, अंगणाचा उतार. मग तुळईला टेकू देऊन खांबावरचा भार उतरवा. कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचा आणि त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा लांब, एकावर एक बसणाऱ्या सांध्याने बोल्ट लावून जोडायचा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या तिप्पट धरली तर बरं. आखूड सांधा वाकताना उघडतो. भराव सगळ्यात शेवटी. १ भाग चुना, ३ भाग वाळू. गिलावा थरागणिक १० मिमीच्या आसपास; जाड थर वरून सुकतो, आत कच्चा राहतो आणि सुटून येतो. ऊन लागू न देता काही दिवस ओलं गोणपाट हवंच.

गोदाकाठ:
दोघांचेही आभार. ही शैली पुढे थांबली का?

कडीपाट:
१९२५ मध्ये आगीच्या भीतीने पोर्ट-ओ-प्रिन्सच्या महापौरांनी नव्या इमारती दगडी-विटांच्या, काँक्रीटच्या किंवा लोखंडी असाव्यात असा नियम केला आणि ही बांधणी थांबली. ती फुलवली पॅरिसहून शिकून परतलेल्या जॉर्ज बोसां, लेओं मातों आणि माक्सिमिलियं या हैतियन वास्तुविशारदांनी. यातल्या बोसांनीच आखलेला काँक्रीटचा राष्ट्रीय राजवाडा २०१० मध्ये कोसळला. हे मांडणीत जरूर घ्या, म्हणजे वास्तुविशारदाचं श्रेय आणि सांगाड्याचं काम वेगळं करून दाखवता येईल. मातोंनी आखलेलं मेझों द्युफोर हे जिंजरब्रेड घर फोकाल या हैतियन संस्थेने दुरुस्त करवून घेतलं. तिथे स्थानिक कारागीरही तयार झाले. याच शैलीतलं ऑलॉफसन हॉटेल मात्र जुलै २०२५ मध्ये टोळ्यांच्या हिंसाचारात जळालं. ही घरं मुख्यतः पाको, तुर्जो आणि ब्वा व्हेर्ना या वस्त्यांत आहेत.

मॉडेलमध्ये नक्षीच्या झालरीवर वेळ घालवू नका, ती लेझरने कापून होईल. एक कोपरा उघडा ठेवा: उंच जोतं, त्यावरची आडवी तळपट्टी, खांब, तिरका आधार, अर्धा भरलेला कप्पा. बाजूला उंच दारं-झडपा, व्हरांडा आणि माळ्याचे हवाझरोके, म्हणजे गरम हवा वर जाऊन बाहेर कशी पडते तेही दिसेल. बाल्सा लाकूड घेतलंत तर १:२० ला १५ सेंमीच्या खांबासाठी साडेसात मिमीची काठी लागेल. दुकानात बहुधा ८ ची मिळते, ती चालेल.