'एकटेच?' – सकाळी निघून रात्री घरी परतण्याच्या भटकंतीचे अनुभव

पुणे, रॉयल एनफील्ड हिमालयन ४११

ग्रुप राइडचे किस्से पुष्कळ झाले. हा धागा मोटारसायकलवर एकट्याने केलेल्या एका दिवसाच्या भटकंतीसाठी. मायलेज, टॉप स्पीड नको. काय घडलं ते लिहा. सुरुवात माझ्या फजितीपासून.

डिसेंबरातली पहाट. पुण्याहून भोरमार्गे वरंधा घाटाकडे निघालो होतो. नीरा देवघरच्या कडेने जाताना पाण्यापर्यंत उतरणारी कच्ची वाट दिसली. गाडी 'ॲडव्हेंचर' घेतलीय म्हटल्यावर उतरणं आलंच. वर चढताना खडीत पुढचं चाक सरकलं आणि गाडी उजव्या अंगावर आडवी. जवळपास दोनशे किलोचं धूड. इंजिन बंद केलं. व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे गाडीकडे पाठ केली, एक हात हँडलला, दुसरा सीटखाली, आणि पायांनी रेटत मागे सरकत गेलो. उचलली की! ती तशीच पलीकडे, डाव्या अंगावर जाऊन पडली. उचलण्याआधी साइड स्टँड बाहेर काढायचा असतो, हेही त्या व्हिडिओत सांगितलं असणार.

शेळ्यांमागे आलेल्या एक आजी हा तमाशा बघत होत्या. "येकलाच आलायस व्हय?" एवढंच विचारून त्यांनी काठी खाली ठेवली, पदर खोचला. दोघांनी मिळून उभी केली. "म्हशीपरीस जड हाय," म्हणाल्या. क्लच लिव्हरचं टोक वाकलं, बाकी काही नाही. लिव्हर मुद्दाम बदललेला नाही.

चिपळूण, हिरो एक्सपल्स २००

माझी उंची पाच फूट एक इंच, सीट साधारण ८२५ मिमी. थांबले की एकच पाय टेकतो, तोही चवड्यावर. त्यामुळे मी आधी थांबायची जागा हेरते, मग थांबते. चिपळूण, गुहागर, धोपावे, तिथून फेरीबोटीने दाभोळ आणि दापोली-खेड करत घरी, हा माझा ठरलेला फेरा. खरी परीक्षा जेट्टीच्या उतारावर. ओला, गुळगुळीत, आणि मागे जीपवाला हॉर्न देतोय. पहिल्या गिअरमध्ये, मागच्या ब्रेकवर पाय ठेवून, खाली अजिबात न बघता उतरायचं. बोटीत चढले की गाडी गिअरमध्येच ठेवते, तरी हात सीटवर असतोच.

दाभोळला चंडिकादेवीच्या गुहेत आवर्जून जाते. बाहेरच्या उन्हातून एकदम दिव्यांच्या मिणमिणत्या उजेडात गेलं की क्षणभर काही दिसत नाही. हेल्मेट काढायची घाई करू नये असं माझं कपाळ सांगतं.

मागच्या वेळी बोटीत शेजारी मासळीची टोपली घेतलेल्या मावशी होत्या. "एकटीच गो? नि नवरा?" म्हटलं, झोपलाय.

अमरावती

परतवाड्याहून सेमाडोहकडे जाताना वळणावर गवा उभा. गाडी बंद केली. त्याने पाहिलं, मी पाहिलं. हॉर्न वाजवायची हिंमत झाली नाही. साडेनऊला थांबलो ते दहाला हललो. फोटो नाही. खिशात हात घालायचाही धीर नव्हता.

नाशिक, हिमालयन

जरा विरोधी सूर लावतो. त्र्यंबक-जव्हार रस्त्यावर पुढच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. तसंच रेटत नेलं, ही चूक माझीच. ट्यूब व्हॉल्वपाशी फाटली. मोखाड्याच्या पंक्चरवाल्याकडे २१ इंची ट्यूब कुठून असणार? त्याने १८ इंची ताणून बसवली आणि म्हणाला, "हळू जा." हळू म्हणजे किती हळू, ते माझ्या कंबरेला विचारा. आता सुटी ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि पंप बरोबर असतात, घरी लाइव्ह लोकेशन चालू. एकटं जायचं तर एवढं ओझं वाहायचं.

पुणे

चिपळूणच्या ताई, त्या मावशी पुढे काय म्हणाल्या?

चिपळूण

"मग जेवण कोण करील?" म्हटलं, उठला की तोच.