प्रतिसाद: दहा आकड्यांत काय होतंय!
भांडणात राग कसा आवरायचा यावर, दहापर्यंत मोजा आणि मगच बोला असं वर दोघातिघांनी लिहिलंय, पटतं पण अर्धंच. वाद तापला की छातीत जी धडधड सुरू होते ना ती दहा आकड्यांत उतरत नाही. जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी नवराबायकोंना वाद घालायला बसवून त्यांचे हृदयाचे ठोके मोजले होते, ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की समोरचा काय बोलतोय ते डोक्यात शिरतच नाही आणि शरीर शांत व्हायला निदान २० मिनिटं लागतात असं ते सांगतात. अर्थात त्या वेळात मनातल्या मनात "असं सुनावायला हवं होतं" चालूच ठेवलं तर वाद थांबवून घेतलेल्या ब्रेकचा उपयोग शून्य.

मी आधी नुसती उठून जायचे, नवऱ्याला वाटायचं ही फुरंगटली, की भांडण दुप्पट. आता सांगून उठते, "आत्ता मला नीट बोलता येणार नाही, अर्ध्या तासाने बोलू", आणि अर्ध्या तासाने विषय मीच काढते. हे सगळ्यात जड जातं बरं का, कारण तोवर जाऊ दे मरू दे वाटायला लागलेलं असतं.