बबल सीपॅप बनवलंय, पण डॉक्टर लावायला तयार नाहीत. काय चुकतंय?

प्रोटोटाइप_पुणे
नमस्कार मंडळी, बायोमेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चौघांनी मिळून नवजात बाळांसाठी बबल सीपॅप बनवलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं श्वास सोडला की मिटून चिकटतात, म्हणून नाकातून सतत थोड्या दाबाने हवा द्यायची आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या नळीचं टोक पाण्यात बुडवून ठेवायचं. नळी ५ सेंटीमीटर बुडवली की साधारण ५ सेंटीमीटर पाण्याएवढा दाब, बस. डोक्यात हे कुठून आलं तर आफ्रिकेतल्या मलावी देशातून. अमेरिकेतल्या राइस युनिव्हर्सिटीच्या इंजिनिअर लोकांनी तिथल्या डॉक्टरांबरोबर असंच यंत्र केलं, 'पुमानी' नावाचं, त्याच्या पहिल्या मॉडेलला तर फिशटँकचे पंप होते. ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटलमध्ये श्वासाचा त्रास असलेली बाळं नुसत्या ऑक्सिजनवर ४४ टक्के वाचत होती, या यंत्रावर ७१ टक्के वाचली. हे वाचल्यापासून आम्हाला चैन नाहीये.

आमचं यंत्र १४ हजारात बसलं. एका उपजिल्हा रुग्णालयात दाखवायला नेलं, तिथल्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, चांगलं केलंय, पण मी माझ्या बाळाला लावणार नाही. पेशंटची गर्दी होती, पुढे विचारताच आलं नाही. कुणी सांगेल का?

बालरोग_विदर्भ
मॅडम बरोबर आहेत. आधी परवानगीचं बघा. २०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्स आहेत, एथिक्स कमिटी आहे, हातात घेऊन आलात आणि बाळाला लावलं असं नाही करता येत आणि करूही नये. दुसरं, ऑक्सिजन किती टक्के देताय? सिलिंडरमधून सरळ जोडलं असेल तर १०० टक्के जातोय, आणि कमी दिवसांच्या बाळाला जास्त ऑक्सिजन म्हणजे आरओपी, डोळ्याचा पडदा खराब होतो. बाळ वाचलं पण आंधळं झालं हे मी आईबापांना सांगितलेलं आहे, परत सांगायची माझी ताकद नाही. हवा आणि ऑक्सिजन मिसळायची सोय हवीच, शिवाय हवा गरम आणि ओलसर हवी, नाहीतर नाक आतून सुकतं. तिसरं म्हणजे दाब मोजलात कुठे, पाण्याशी का नाकाशी? फ्लो वाढवला की नाकाशी दाब नळीच्या खोलीपेक्षा जास्त भरतो, तो टेस्ट लंगवर (बाळाच्या फुप्फुसाऐवजी चाचणीला जोडायची फुगणारी पिशवी) मोजून आकडे घेऊन जा. मग मॅडम तुमच्याशी तासभर बोलतील, बघा.

सिस्टर_नाइट_ड्युटी
मी एसएनसीयूला, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, सहा वर्षं आहे, इंजिनिअरिंगमधलं मला कळत नाही पण रात्रीचं सांगते. एका वेळी दहाबारा बाळं आणि आम्ही दोघी. मशीन चालू असतं पण बुडबुडे थांबलेले असतात म्हणजे कुठेतरी लीक आहे, बहुतेक वेळा प्राँग (नाकपुड्यांत बसवायचं नळीचं टोक) नाकातून सरकलेला असतो नाहीतर बाळाने तोंड उघडलेलं असतं. हे लांबून दिसलं पाहिजे. तुमची बाटली मागच्या बाजूला असेल तर मला प्रत्येक वेळी वाकून बघावं लागेल आणि तिसऱ्या बाळाशी मी अडकले की चौथ्याचं राहून जातं. प्राँग मोठा पडला की नाकाच्या मधल्या पडद्यावर दाब येतो, आधी लाल, मग काळं पडतं, म्हणून आम्ही टोपी घालून नळ्या टोपीलाच बांधतो आणि दर थोड्या वेळाने नाक बघतो. पोटात हवा जाऊन पोट फुगतं त्याला तोंडातून नळी टाकून उघडी ठेवतो. तुमच्याकडे प्राँग किती साइजचे आहेत? एकच असेल तर ते यंत्र एकाच बाळाचं झालं.

बायोमेड_मेंटेनन्स
माझं थोडं वेगळं मत. नवीन बनवूच नका असं म्हणत नाही, पण आधी त्या रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये जाऊन या. मी एका जिल्ह्यात उघडून घेतलं तर वॉर्मर (बाळाला ऊब देणारं), कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं), एक चांगलं परदेशी सीपॅप, सगळं चादरीखाली. सीपॅपचं काय झालं होतं तर त्याच्या खास नळ्या संपल्या, पुन्हा आल्याच नाहीत. कॉन्सन्ट्रेटरचा फिल्टर धुळीने गच्च, धुऊन वाळवून बसवला तर लागला चालायला! पेरी आणि माल्किन यांचा २०११ चा पेपर वाचा, १६ देशांतल्या हॉस्पिटलांची नोंद आहे, जवळपास ४० टक्के उपकरणं बंद. म्हणून सांगतो, १४ हजार हा आकडा पुढे करू नका, दर बाळामागे लागणाऱ्या नळ्या-प्राँगचा खर्च किती आणि ते तालुक्याला मिळतात का हे सांगा. आणि व्होल्टेज १६० ला आलं की तुमचा पंप किती फ्लो देतो ते मोजलंय का? आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी रोज येतं.

बालरोग_विदर्भ
मेंटेनन्सवाल्यांना अनुमोदन. पोरांनो, गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च'ने न्यूमोनिया ओळखायला बनवलेला श्वासमापक बघा. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला तर श्वास जोरात चाललाय. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाची हद्द ६०, मोठ्या बाळाची ५०, म्हणून मण्यांच्या ओळी वेगळ्या. साठपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईला डोळ्यासमोर ठेवून ते केलं. तुमचं यंत्र कोणाच्या हातात जाणार आहे ते आधी ठरवा.

प्रोटोटाइप_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. खरं सांगतो, दाब पाण्याशीच मोजला होता. प्राँग एकाच साइजचा, बाटली मागेच. आणि १६० व्होल्टला काल रात्री लावून बघितलं, बुडबुडे जवळजवळ बंद. मॅडमना फोन केला, यंत्र न आणता नुसतं बघायला येतो म्हटलं, तर शनिवारी नाइटला या म्हणाल्या. सिस्टर, बाटली कुठल्या उंचीवर हवी ते कसं ठरवू?

सिस्टर_नाइट_ड्युटी
मोजपट्टी घेऊन जा आणि दाराशी उभे राहा. तिथून वॉर्मरच्या वर काय काय दिसतं ते लिहून घ्या. रात्री दोननंतर दिवे कमी करतात तेव्हा परत बघा.