फ्लेव्होनॉइडने उंदीर वाचला, रुग्णाचे काय?

पिंगळा
कांदा, अडुळसा आणि गुळवेल यांतील फ्लेव्होनॉइड (वनस्पतींतील रसायनांचा एक वर्ग) फुफ्फुसांचा दाह रोखतात हे ‘सिद्ध’ झाले असून डॉक्टर ते दडपतात, असे काल येथे एका सदस्याने लिहिले, म्हणून हा धागा. या संशोधनाचा नेहमीचा साचा असा, की उंदराला आधी क्वेर्सेटिन किंवा ल्युटिओलिन यांसारखे फ्लेव्होनॉइड द्यायचे, मग त्याच्या श्वासनलिकेत जिवाणूंच्या भित्तिकेतील विष सोडायचे आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-६ ही दाह भडकवणारी प्रथिने किती घटली ते मोजायचे. अतिदक्षता विभागात येणाऱ्या माणसाला इजा आधीच झालेली असते. न्यूमोनिया होणार म्हणून आदल्या दिवशी औषध घेऊन बसलेला रुग्ण मी तरी पाहिलेला नाही. शिवाय पेशींवर परिणाम दाखवणारी मात्रा खाण्यातून रक्तात सहसा पोहोचत नाही, कारण आतडे आणि यकृत त्या रेणूचे रूप वाटेतच पालटतात.

रानमेवा
ते लिहिणारा सदस्य मीच. ‘सिद्ध’ हा शब्द मागे घेतो, उपहास मात्र आपल्याकडेच ठेवावा. इजिप्तमध्ये लोक ज्या अम्मी व्हिस्नागाच्या बिया वापरत, त्यांतील खेलिन या रसायनावरून दम्याचे क्रोमोग्लायकेट हे औषध घडले आणि रॉजर आल्टुन्यान या दमेकरी डॉक्टरांनी ती संयुगे स्वतःवर तपासली. अडुळशातील व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन आले, जे खोकल्याच्या बाटलीतून आपणही प्यायला असाल.

पिंगळा
व्हॅसिसिन हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतींतील नायट्रोजनयुक्त रसायनांच्या वेगळ्याच वर्गातले आहे, फ्लेव्होनॉइड नव्हे. खेलिनही फार तर चुलतभाऊ. आणि क्रोमोग्लायकेट हे रेणू बदलून, हुंगायला देऊन, माणसांवर तपासून मिळाले. बियांचा काढा पिऊन मिळाले नाही.

माजघर
काढ्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. करोनाच्या काळात माझ्या वहिनी गुळवेलीचा काढा न चुकता घेत होत्या. काही महिन्यांनी त्यांना कावीळ झाली, विषाणूंच्या साऱ्या तपासण्या निर्दोष आल्या आणि काढा थांबवल्यावर यकृत हळूहळू सावरले. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये असेच सहा रुग्ण नोंदवले होते.

खलबत्ता
आणि आयुष मंत्रालयाने त्या नोंदीवर आक्षेप घेतला होता, हे सोयीस्करपणे वगळलेत. त्याच कुळातील दुसरी वेल गुळवेल म्हणून वापरली गेली असेल, तर दोष कोणाचा? आमच्या घरी चार पिढ्या गुळवेल घेतली जाते, यकृते शाबूत आहेत.

माजघर
बाजारात दुसरीच वेल मिळत असेल, तर तो बचाव आहे की आरोप? आणि आपल्या चार पिढ्यांपैकी किती जणांची यकृताची तपासणी झाली, तेही सांगावे. माझ्या वहिनी पिवळ्या पडल्या तेव्हा परंपरा औषधाचे बिल भरायला आली नव्हती.

खलबत्ता
ॲलोपॅथीच्या पॅरासिटामॉलनेही यकृत जाते, तेव्हा मात्र धागे निघत नाहीत!

पिंगळा
पॅरासिटामॉलची घातक मात्रा ठाऊक आहे आणि त्यावर उतारा आहे. काढ्याची मात्रा ‘मूठभर’. आता फुफ्फुसांकडे येऊ. अमेरिकेत फुफ्फुसांना तीव्र इजा झालेल्या २७२ रुग्णांवरील चाचणीत ओमेगा-३, गॅमा-लिनोलेनिक आम्ल आणि अँटिऑक्सिडंट नळीतून दिले. उपयोग दिसेना म्हणून ती मुदतीआधी थांबवली आणि २०११ मध्ये तसे प्रसिद्धही केले. याउलट, २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशाच रुग्णांना व्हेंटिलेटरने दर वेळी दिला जाणारा श्वास वजनाच्या किलोमागे १२ मिलिलिटरवरून ६ वर आणताच मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. त्यात ना वनस्पती होती, ना रेणू.

रानमेवा
मला व्हॅसिसिनवरून टोकणाऱ्या आपणच आता फ्लेव्होनॉइड नसलेल्या पदार्थांची चाचणी पुरावा म्हणून मांडावी, हे गमतीचे आहे. उंदराला औषध आधी देतात, हा आपला मुद्दा मात्र मान्य करावा लागतो, नाइलाजाने. पण मग इजेनंतर देऊन, श्वासातून थेट फुफ्फुसात पोहोचवून पाहा, असे म्हणा. दार लावून घेऊ नका.

पिंगळा
तशी चाचणी माणसांवर झाली की दुवा द्या, वाचेन. तोवर कांदा भाकरीबरोबर खावा.

खलबत्ता
पॅरासिटामॉलचे उत्तर पटलेले नाही. वेगळा धागा काढतो.